मोठ्या मुलाची गाडी आणि व्यापाऱ्याचा काटा

ठाण्याच्या व्यापाराचा विचार माजिवडा नाका वगळून करता येत नाही. मुंबईहून नाशिककडे जाणारा महामार्ग येथून पुढे जातो, घोडबंदर रोड येथेच फुटतो आणि जवळच कापूरबावडीवरून बाळकुम, कशेळीमार्गे भिवंडीला जाणारा जुना आग्रा रोड लागतो. आम्हा कापडवाल्यांना हा नाका ओळखीचा आहे तो ग्रे कापडाच्या गाठी वाहणाऱ्या टेम्पोंमुळे. परंतु शनिवार-रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत येथून वेगळीच वर्दळ असते. भिवंडी, कल्याण, मुंब्रा, राबोडीकडून मुलाबाळांसह निघालेली कुटुंबे मानपाड्याची टिकुजिनी वाडी, घोडबंदर रोडवरचे सूरज वॉटर पार्क किंवा फेब्रुवारी २०२४ मध्ये कोलशेतला खुले झालेले ग्रँड सेंट्रल पार्क यांकडे जात असतात. ज्यांच्याकडे मोटार आहे ते थेट खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा रस्ता धरतात.

करमणुकीचा हा धंदा आपल्या भागात नवा राहिलेला नाही. गोराईला एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले, त्याच्या शेजारी वॉटर किंगडम १९९८ मध्ये आले आणि इमॅजिका २०१३ मध्ये. तिकीट, खाणेपिणे, भाड्याचे पोहण्याचे कपडे, मोटारींचा तळ अशा अनेक लहान धंद्यांना या उद्यानांनी जन्म दिला. त्यांतलाच एक धंदा आता वाढताना दिसतो. तो म्हणजे बाबागाडीचा, म्हणजेच स्ट्रोलरचा. पूर्वी बाबागाडी म्हटली की तान्हे बाळ डोळ्यांसमोर येई. आज चार, पाच, क्वचित सहा वर्षांचे मूलही अशा उद्यानांत गाडीत बसलेले दिसते आणि बघणाऱ्यांच्या भुवया वर जातात. "एवढा मोठा झाला तरी गाडीत?" असा शेरा आईला ऐकावा लागतो. कोणी लाडावलेले मूल म्हणतो, तर कोणी पैशाची मस्ती म्हणतो.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. पालकांनी मोठ्या मुलाला गाडीत बसवावे काय, ही पहिली. ही गाडी विकणाऱ्याने आणि भाड्याने देणाऱ्याने कोणती जबाबदारी पाळावी, ही दुसरी. पहिल्या बाजूवर गल्लीत भरपूर चर्चा होते, दुसऱ्या बाजूवर कोणी बोलत नाही. आमच्या मते मोठ्या मुलाला दिवसातून काही वेळ गाडीत बसवण्यात गैर काही नाही. गैर आहे ते त्याचे वजन न विचारता त्याला गाडी देण्यात.

दिवसभराची पायपीट

आधी चालण्याचा हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार पाच वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ११० सेंटिमीटर असते. पाऊल साधारणपणे उंचीच्या चार दशांश धरले तर ते ४४ सेंटिमीटर पडते. साडेपाच फुटी बापाचे पाऊल त्याच हिशेबाने ६७ सेंटिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला बाप सुमारे १,५०० पावले टाकतो, तर मूल २,२७० च्या आसपास. उद्यानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच किलोमीटर फिरणे झाले तर बापाची साडेसात हजार पावले होतात आणि मुलाची अकरा हजारांच्या वर. शिवाय ऊन, रांगेतले ताटकळणे आणि पाळण्यातली धडधड. दुपारी तीननंतर मूल रस्त्यात बसकण मारते ते हट्टापायी नसते, त्याचे पाय खरोखर थकलेले असतात.

पूर्वी लोक काय करीत? माहीमच्या मखदूम बाबांच्या उरुसात किंवा कोणत्याही जत्रेत पाहा, थकलेले मूल बापाच्या खांद्यावर किंवा आईच्या कडेवर असते. पाच वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १८ किलोच्या पुढे असते. तेवढे ओझे घेऊन अर्धा तास गर्दीतून चालणे तरण्या माणसालाही जड जाते. आई गरोदर असेल किंवा सोबत आजीच असेल तर प्रश्नच मिटला. त्या वेळी मूल खांद्यावर होते म्हणून त्याला कोणी लाडावलेले म्हटले नाही. खांद्याच्या जागी चाके आली म्हणून म्हणण्याचेही कारण नाही.

आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. उमऱ्याला जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे की सफा आणि मरवा यांच्या दरम्यानच्या सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरहून अधिक चालणे होते. तेथे वृद्ध आणि अशक्त लोकांसाठी चाकाच्या खुर्च्यांची वाट आहे. खुर्चीत बसून सई करणाऱ्या बुजुर्गाकडे कोणी तुच्छतेने पाहत नाही. ज्याच्या अंगात जेवढी ताकद, तेवढेच त्याच्याकडून मागावे, हा आपल्या दीनचा साधा नियम आहे. तो मुलांनाही लागू आहे.

गाडीचा इतिहास

मुलांची गाडी ही मुळात अमिरांची वस्तू होती. इंग्लंडमध्ये १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या वास्तुकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी बनवली. ती बकरीने किंवा लहान तट्टाने ओढायची होती. पुढे माणसाने ढकलायच्या गाड्या आल्या, पण त्या जड आणि अवजड राहिल्या.

खरा बदल केला ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्याने काम केले होते. मुलगी आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन परदेशातून आली तेव्हा तिची जड गाडी प्रवासात किती अडचणीची आहे हे त्याने पाहिले आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. तिचे वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत होते. सांगाडा धातूचा आणि बैठक कापडाची, ही रचना तेव्हापासून आजपर्यंत टिकली आहे. माजिवड्याच्या नाक्यावर रिक्षात बसताना जी गाडी दोन हातांनी मिटून पायाशी ठेवता येते, ती त्याच कुळातली.

थीम पार्क आणि ही गाडी यांची जोडी अमेरिकेत जमली. कॅलिफोर्नियातले डिस्नीलँड १९५५ मध्ये सुरू झाले. आज डिस्नीच्या तेथील उद्यानांत गाड्या भाड्याने मिळतात, पाळण्यांजवळ त्या उभ्या करण्याच्या खास जागा आहेत आणि एकट्या मुलाच्या भाड्याच्या गाडीसाठी ५० पौंडांची, म्हणजे सुमारे साडेबावीस किलोची मर्यादा सांगितलेली असते. साडेबावीस किलो म्हणजे तान्हे बाळ नव्हे, हे उघड आहे. मोठी मुले गाडीत बसणार हे धंदेवाल्याने तेथे गृहीतच धरले. मात्र गर्दीचा त्रास वाढला तेव्हा नियमही कडक झाले. १ मे २०१९ पासून ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब गाडी आत नेण्यास अमेरिकेतल्या डिस्नी उद्यानांनी बंदी केली. सोय आणि शिस्त बरोबरीने चालली पाहिजे, हा यातला धडा.

पंधरा किलोचा प्रश्न

आता मुख्य मुद्दा. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ बाबागाड्यांच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात १५ किलो ही मर्यादा छापलेली असते. हा आकडा हवेतून आलेला नाही. युरोपात मुलांच्या गाड्यांसाठी ई एन १८८८ नावाचे मानक आहे आणि त्याचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे. मोठी मुलेही गाडीत बसतात हे ध्यानात घेऊन २०१८ मध्ये त्याचा दुसरा भाग आला. तो १५ ते २२ किलो वजनाच्या मुलांच्या गाड्यांसाठी आहे. म्हणजे मोठ्या मुलाची गाडी ही स्वतंत्र वस्तू आहे, असे मानक ठरवणाऱ्यांनीच मान्य केले.

याच्यासमोर मुलांची वजने ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्याचे मध्यम वजन तिसऱ्या वर्षी १४.३ किलो, चौथ्या वर्षी १६.३ किलो आणि पाचव्या वर्षी १८.३ किलो आहे. मुलींचे अनुक्रमे १३.९, १६.१ आणि १८.२ किलो. याचा अर्थ, चार वर्षे पूर्ण केलेले सर्वसाधारण वाढीचे मूल १५ किलोच्या गाडीची मर्यादा ओलांडून गेलेले असते. ज्या वयाच्या मुलासाठी पालक उद्यानात गाडी मागतात, नेमक्या त्याच वयाला साधी गाडी पुरत नाही.

काउंटरवर मात्र काय घडते? गिऱ्हाईक विचारते, "पाच वर्षांचा आहे, चालेल ना?" आणि उत्तर येते, "आरामात चालेल, मजबूत आहे." दुकानदार वजन विचारीत नाही, पालक सांगत नाही. गाडी लगेच मोडत नाही म्हणून दोघांचाही समज पक्का होतो. बिघाड हळूहळू होतो. पुढची चाके वाकडी होतात, बैठकीचे कापड मधोमध झोळीसारखे उतरते, ब्रेकची पकड सैल पडते. मग एके दिवशी उतारावर ब्रेक लावूनही गाडी सरकते.

वजनाइतकाच उंचीचाही प्रश्न आहे. मूल उंच झाले की त्याचा भार गाडीत वरच्या बाजूला जातो. ते पायपट्टीवर उभे राहून चढू लागले की गाडी पुढे कलते. मागच्या दांड्याला पाण्याच्या बाटल्या, ओले कपडे आणि खाऊच्या पिशव्या अडकवलेल्या असतात. मूल पटकन उतरले की तीच गाडी मागे उलटते. पाय जमिनीला घासत असतील तर चालत्या चाकात चप्पल अडकते. छत डोक्याला लागत असेल, पाय पायपट्टीच्या बाहेर लोंबत असतील, पट्टा छातीवर बसत नसेल, तर गाडी लहान पडली असे समजावे. वय काहीही असो.

कापडवाल्याच्या नजरेतून

गाडीचा अर्धा भरवसा कापडावर असतो आणि तो आमचा विषय आहे. खरेदीदार नळ्या वाजवून पाहतो, चाके फिरवून पाहतो, कापडाचा मात्र फक्त रंग पाहतो.

बहुतेक गाड्यांत पॉलिस्टरचे ऑक्सफर्ड विणीचे कापड असते. त्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात. ९,००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. ६०० डेनियरचे कापड शाळेच्या चांगल्या दप्तराला लागते, तेच मोठ्या मुलाच्या बैठकीला शोभते. हलक्या गाडीत याहून बरेच बारीक सूत असते आणि आतून कोटिंग जाड देऊन कापड टणक भासवलेले असते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कापडाची कड दोन बोटांत चोळावी आणि उन्हासमोर धरावी. कोटिंगची पूड पडली किंवा वीण विरळ दिसली तर माल हलका.

नायलॉन ओला झाला की त्याची ताकद काही प्रमाणात घटते, पॉलिस्टरची जवळजवळ घटत नाही. वॉटर पार्कमध्ये मूल ओल्या कपड्यांनी गाडीत बसणारच, म्हणून तेथे पॉलिस्टर बरे. पाण्यातल्या क्लोरीनने रंग उडतो, तेव्हा रोज साध्या पाण्याने धुणे आवश्यक. पट्ट्याची निवार पॉलीप्रॉपिलीनची असेल आणि गाडी वर्षभर उन्हात उभी राहत असेल तर निवार कडक पडते, तिचे तंतू तुटू लागतात. पट्ट्यावर बारीक केस उभे राहिलेले दिसले की तो बदलावा.

सगळ्यांत महत्त्वाची शिलाई. बैठक जेथे नळीला जोडलेली असते आणि पट्टा जेथे बैठकीतून बाहेर येतो, तेथे आडवा दाट टाका हवा. कारखान्यात त्याला बारटॅक म्हणतात. साधी एकेरी शिलाई पंधरा किलोला टिकेल, वीस किलोच्या उसळणाऱ्या मुलाला टिकणार नाही. दोरा पॉलिस्टरचा हवा.

यातच आपल्या भागातल्या लोकांसाठी एक धंदाही आहे. कापड भिवंडीच्या बाजारात मिळते, शिवणारे हात ठाणे आणि मुंब्र्यात कमी नाहीत. बदली बैठका, पावसाळी आवरणे, उन्हाच्या झालरी, धुण्यासाठी काढता येणारे अस्तर यांना भाड्याच्या गाड्यांमुळे मागणी येऊ शकते. परंतु वजन पेलणारी बैठक शिवायची असेल तर मूळ बैठकीचा नमुना, तेच कापड आणि तेच टाके ठेवावेत. झालर शिवणे वेगळे आणि मुलाचा भार धरणारी बैठक शिवणे वेगळे.

बिजागरी आणि बोटे

मिटणाऱ्या गाडीचा गुण तोच तिचा धोका आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्याच सुमारे दहा लाख गाड्यांबाबत सुरक्षेसाठी परत मागवण्याची घोषणा झाली. गाडी उघडताना किंवा मिटताना बिजागरीत मुलांची बोटे सापडत होती आणि बोटाचे टोक तुटण्याच्या १२ घटना तेथे नोंदल्या गेल्या होत्या. कंपनीने बिजागरीवर बसवण्यासाठी आवरणे मोफत दिली. एवढ्या मोठ्या अपघातांवरचा उपाय एवढासा होता. मोठे मूल तर गाडी स्वतः उघडायला धावते. म्हणून भाड्याने देणाऱ्याने गाडी आपल्या हाताने उघडून, कुलूप बसल्याची खात्री करून मगच द्यावी आणि परत घेताना स्वतःच मिटावी.

भाड्याचा हिशेब

माजिवडा परिसरात असा धंदा करावा काय, असा विचार करणाऱ्या तरुणांसाठी एक नमुन्याचा हिशेब मांडतो. आकडे समजुतीपुरते आहेत, ज्याने त्याने आपल्या बाजारात तपासून घ्यावेत.

समजा २२ किलो पेलणाऱ्या दहा गाड्या प्रत्येकी ६,००० रुपयांना घेतल्या. भांडवल ६०,००० रुपये. शनिवारी सहा आणि रविवारी सहा गाड्या २०० रुपये रोजाने गेल्या तर आठवड्याचे २,४०० आणि चार आठवड्यांचे ९,६०० रुपये. धुण्याचा खर्च दर फेरीला ३० रुपये, म्हणजे महिन्याला १,४४०. दुरुस्तीसाठी १,५०० बाजूला. मदतनिसाला ३,०००. हाती उरतात ३,६६०. भांडवल सुटायला सुमारे साडेसोळा महिने लागतील आणि पावसाळ्याचे मंदीचे महिने धरले तर दोन वर्षे. मे महिना, दिवाळी आणि नाताळाची सुट्टी यांत मागणी वाढेल, पण तिच्या भरवशावर पहिल्याच वर्षी नफ्याची आशा धरू नये.

दुरुस्तीचे दीड हजार वाचवण्याचा मोह सर्वांना होतो आणि या धंद्याची अब्रू तेथेच जाते. व्याजाने पैसे उचलून हा धंदा करू नये, नफा त्या ओझ्याला पुरणारा नाही. दोघा-तिघांनी भागीदारीत, नफा-नुकसानीचा वाटा आधी लिहून, पाच गाड्यांनी सुरुवात केलेली बरी. आणि पहिल्या खरेदीत एक वजनकाटा घ्यावा. शेजारच्या भिंतीवर उंचीच्या खुणा कराव्यात. मुलाला काट्यावर उभे करावे, आकडा पाहावा, मग गाडी द्यावी. मुलांना काट्यावर चढायला गंमत वाटते, पालकांना भरवसा वाटतो आणि वाद उरत नाही. २२ किलोच्या वर काटा गेला तर भाडे सोडावे.

शरीअत आणि कायदा

भाडेव्यवहाराला आपल्या फिकहमध्ये इजारा म्हणतात. वस्तू मालकाचीच राहते आणि तिच्या उपयोगाचा मोबदला ठरतो. उपयोग कोणता, मुदत किती, मोबदला किती, हे आधी स्पष्ट असावे लागते. भाड्याने घेणाऱ्याच्या हातात वस्तू अमानत असते. त्याने हेळसांड केली नाही किंवा ठरल्याबाहेर वापर केला नाही तर झिजेची भरपाई त्याच्याकडून घेता येत नाही. वाचक हनफी असोत की शाफई, या मूळ तत्त्वात मोठा फरक नाही. बारकावे आपल्या आलिमांना विचारावेत. तेव्हा जुनाच फाटका पट्टा दाखवून अनामत रक्कम दाबून ठेवणे हा नफा हलाल नव्हे. देताना गाडीची स्थिती दोघांनी पाहावी, चिठ्ठीवर लिहावी.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ही हदीस आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्याला विचारले गेले. गाडीची वजनमर्यादा हा आजच्या मालाचा आत दडलेला भाग आहे. ती खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते आणि भाड्याच्या गाडीला तर खोकेच नसते. ती मोठ्या अक्षरांत, मराठी, हिंदी आणि उर्दूत गाडीच्या दांड्यावर लावणे हे व्यापाऱ्याचे काम आहे.

देशाचा कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालामुळे होणाऱ्या इजेच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादकाने दिलेल्या सूचना आणि इशारे विक्रेत्याने ग्राहकापर्यंत पोहोचवले नाहीत आणि त्यामुळे इजा झाली, तर विक्रेता जबाबदार धरला जाऊ शकतो. सेवा देणाऱ्याने पुरेशा सूचना दिल्या नाहीत तर तोही सुटत नाही. माल बनवणारा कोण हे सांगता येत नसेल तर जबाबदारी विक्रेत्याच्या गळ्यात पडू शकते. तेव्हा बिलाशिवाय, नावाशिवाय येणारा स्वस्त माल घेताना दहादा विचार करावा. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव आणि ती कोणत्या देशात बनली हे छापलेले असले पाहिजे.

ज्या मुलाला चालवत नाही

मोठ्या मुलाला गाडीत पाहून शेरा मारणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोणाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असते, कोणाचे स्नायू वर्षागणिक क्षीण होत असतात, कोणाचे हृदय कमजोर असते. स्वमग्न मूल गर्दीत आणि गोंगाटात बिथरते, गाडीत त्याला आडोसा मिळतो. यांतली अनेक मुले बसलेली असताना इतर मुलांसारखीच दिसतात. ज्या आईने त्याला वर्षातून एकदा पाळणे दाखवायला आणले, तिने प्रत्येक अनोळखी माणसाला आजाराची कागदपत्रे दाखवावीत काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे आणि सार्वजनिक जागी वावरण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क कागदावर राहू नये असे वाटत असेल तर आपली जीभ आवरणे ही पहिली पायरी.

परंतु येथेही खरे बोलावे लागते. ज्या मुलाची मान किंवा पाठ स्थिर राहत नाही त्याला साधी भाड्याची गाडी योग्य नाही, मग वजन कितीही कमी असो. त्याला आधार देणारी खास खुर्ची लागते आणि ती डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घ्यावी लागते. कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी अशा मुलांसाठी खुर्च्या बनवते आणि पात्र कुटुंबांना केंद्राच्या एडीप योजनेतून साधने मिळू शकतात. भाड्याने देणाऱ्याने हे ठाऊक ठेवावे आणि नम्रपणे सांगावे. दहा गाड्यांमधली एक मोठी, भक्कम गाडी अशा मुलांसाठी राखून ठेवावी आणि जेथे ती योग्य असेल तेथे भाडे घेऊ नये. आठवड्याला दोन-चारशे रुपये कमी येतील, बरकत कमी होणार नाही.

पालकांसाठी

गाडी हाताशी आली म्हणून मूल दिवसभर तिच्यात बसवून ठेवणेही बरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सल्ला दिला की त्यांना गाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात तीन तास हालचाल करावी आणि त्यांतला किमान एक तास जोमाने खेळावे, असेही सांगितले आहे. तेव्हा सकाळी मुलाला चालू द्यावे, दुपारी थकल्यावर गाडी काढावी. गर्दीच्या रांगेत आणि ओल्या फरशीवर मूल गाडीतून उतरवावे. जिन्यावरून मुलासह गाडी कधीही उचलू नये. उतारावर ब्रेक लावला तरी दांडा सोडू नये. पिशव्या दांड्याला न अडकवता खालच्या टोपलीत ठेवाव्यात. घरून निघताना मुलाचे वजन करावे आणि ते कमी करून सांगू नये.

विकत घ्यायची तर वर्षात किती वेळा लागणार याचा हिशेब करावा. वर्षातून दोनदा उद्यानात जाणाऱ्याला भाड्याची गाडी परवडते. घरात दुसरे लहान मूल असेल, लांबचा प्रवास होत असेल, तर २२ किलोची गाडी एकदाच घेणे स्वस्त पडते. पंधरा किलोची गाडी स्वस्त मिळते म्हणून चार वर्षांच्या मुलाला घेणे हा मात्र पैशाचाही तोटा आहे आणि मुलाच्या जिवाशी खेळही.

आपल्या समाजातले अनेक तरुण आज भाड्याच्या, सेवेच्या, दुरुस्तीच्या लहान धंद्यांत उतरत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. धान्य असो, कापड असो की मुलाची गाडी, माप पुरे द्यावे आणि मालाची खोट सांगावी, हा आपल्या बुजुर्गांनी पाळलेला नियम आहे. माजिवड्याहून घोडबंदर रोडपर्यंत जो कोणी हा धंदा मांडेल, त्याने गाड्यांच्या रांगेआधी काटा मांडावा. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा त्याच्याकडेच येईल, इन्शाअल्लाह.